नाशिकमध्ये एजंटकडून भाड्याचं घर घेताना: दलाली, डिपॉझिट आणि करारापूर्वीची तपासणी

इंदिरानगरमधला टू बीएचके असो, सिडकोतल्या रो हाऊसचा वरचा मजला असो किंवा जेलरोडचा वन बीएचके, एजंटमार्फत घर घेतलं की पहिल्याच महिन्यात साधारण पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम हातातून जाते. १२ हजार भाड्याचं घर धरा. तीन महिन्यांचं डिपॉझिट ३६ हजार, एक महिन्याची दलाली १२ हजार, पहिलं आगाऊ भाडं १२ हजार, कराराचे दोन-तीन हजार. टेम्पो आणि हमाली वेगळी. यातलं फक्त डिपॉझिट परत यायचं असतं, आणि भांडणं नेमकी त्यावरूनच होतात.

बहुतेक भांडणांत एक गोष्ट सारखी दिसते: पैसे आधी गेले आणि कागद नंतर झाला, किंवा झालाच नाही. म्हणून इथे सगळं पैशांच्या क्रमाने मांडलं आहे. कुठली रक्कम कधी, कोणाला आणि काय हातात आल्यावर द्यायची, ते बघू.

एजंटशी पहिलं बोलणं

एजंट गाठण्याआधी एक संध्याकाळ हव्या त्या भागात नुसती चक्कर मारा. नाशिकच्या कॉलन्यांमध्ये अजूनही पुष्कळ मालक गेटवर ‘घर भाड्याने देणे आहे’ अशी पाटी स्वतःच लावतात. कोपऱ्यावरचा किराणावाला आणि इस्त्रीवाला यांना कुठला फ्लॅट रिकामा झाला ते एजंटाआधी कळतं. असं घर मिळालं तर दलाली वाचली. पण नोकरी अंबडला, शोध फक्त रविवारी, असं असेल तर एजंट सोयीचा पडतो. त्याच्या कामाचे पैसे द्यायला हरकत नाही, फक्त काम कुठपर्यंत ते आधी ठरलेलं असावं.

भाड्याच्या घरावरची दलाली किती असावी, याला कायद्यात कमाल मर्यादा नाही. नाशिकात एक महिन्याचं भाडं हा सर्वसाधारण रिवाज आहे. ओळखीत किंवा घर बरेच दिवस रिकामं असेल तर पंधरा दिवसांच्या भाड्यावरही जमतं. ‘आम्ही रेरा रजिस्टर्ड आहोत’ असं एजंट सांगतो तेव्हा एवढं लक्षात ठेवा की रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्यातली एजंटची नोंदणी प्रकल्पातल्या घरांच्या खरेदी-विक्रीसाठी असते. तो क्रमांक खरा असेलही, पण भाड्याच्या व्यवहारात त्यामुळे तुम्हाला वेगळं संरक्षण मिळत नाही.

दलाली विचारताना नुसता आकडा विचारून थांबू नका. पैसे कधी द्यायचे, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. माझ्या मते उत्तर एकच: करार नोंदणी झाल्यावर, किल्ली मिळताना. एजंट अर्धे आधी मागत असेल तर ‘करार झाला नाही तर परत’ हे त्याच्याकडून लिहून घ्या. तो मालकाकडूनही कमिशन घेतो का, हेही विचारून घ्या. घेत असेल तर त्यात गैर काही नाही, पण मग तुमच्याशी घासाघीस करायला त्याच्याकडे जागा आहे, हे तुम्हाला कळतं. अकरा महिन्यांनी करार पुन्हा करताना तो परत दलाली मागणार का? काही जण अर्ध्या महिन्याचं भाडं मागतात. त्या वेळी त्याने घर शोधलेलं नसतं. फक्त कराराचं टायपिंग आणि नोंदणी असते, तर तेवढ्याचेच पैसे द्यावेत.

‘व्हिजिट चार्ज’ किंवा ‘नाव नोंदणी फी’ म्हणून घर दाखवण्याआधीच पाचशे-हजार मागणारे असतात. दुसरा एजंट बघा. शहरात एजंटांची टंचाई नाही.

दलालीवर १८ टक्के जीएसटी लावला तर त्याच्याकडे जीएसटी क्रमांक हवा आणि त्याने तसं बिल द्यायला हवं. क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्या छोट्या एजंटाला साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते. मग त्याला जीएसटी लावताही येत नाही.

बोलणं झालं की लगेच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज टाका: ‘दादा, ठरल्याप्रमाणे दलाली १२,००० रुपये, करार रजिस्टर झाल्यावर एकरकमी. व्यवहार न झाल्यास काही देणं लागणार नाही. बरोबर ना?’ समोरून नुसतं ‘हो’ आलं तरी पुढे कामाला येतं.

घर बघताना

रंग आणि फर्निचर सगळेच बघतात. एजंट घाईत असला तरी अर्धा तास मागून घ्या आणि जमलं तर एकदा दिवसा, एकदा रात्री आठनंतर जा. रात्री पार्किंगची खरी परिस्थिती कळते. ‘टू व्हीलर लागते कुठेही’ म्हणजे नेमकी कुठे, ते रात्रीच दिसतं.

लाइटच्या मीटरची एक तपासणी फार कमी लोक करतात. घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रिज बंद करा, मेन स्विच मात्र चालू ठेवा. खाली मीटर बोर्डवर तुमच्या फ्लॅटचा मीटर शोधा आणि त्यावरचा लुकलुकणारा लाल दिवा दोन मिनिटं बघा. काहीच चालू नसताना तो ठरावीक अंतराने लुकलुकत राहिला तर तुमच्या मीटरवर दुसरं काहीतरी जोडलेलं आहे. जिन्यातला दिवा असेल, बोअरची मोटार असेल, बंगला असेल तर तळमजल्यावर राहणाऱ्या मालकांचा गिझरही असू शकतो. बंगल्याचा वरचा मजला घेणाऱ्यांनी हे करावंच. सबमीटर असेल तर युनिटचा दर काय लावणार, हे करारात आलं पाहिजे. नाहीतर महावितरणचं बिल एक आणि काकांचा हिशेब दुसरा, असं होतं.

मीटरवरचा किंवा जुन्या बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक टिपून घ्या. महावितरणच्या अ‍ॅपवर तो टाकला की थकबाकी दिसते. आधीच्या भाडेकरूने बिल भरलं नसेल तर वीज तोडायला कर्मचारी आला की तो तुमच्या दारात उभा राहतो.

पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, हे मालकाला नको, शेजारच्या काकूंना विचारा. महापालिकेचं पाणी टाकीत चढतं की नाही, उन्हाळ्यात टँकर लागतो का, लागला तर त्याचे पैसे कोण देतं? शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांत हा खर्च मेंटेनन्सबाहेर येतो आणि एप्रिल-मे महिन्यात बजेट कोलमडतं. नळाच्या तोंडाशी पांढरे क्षार साचलेले असतील तर वापरायला बोअरचं पाणी आहे, असं समजा.

पश्चिमेकडच्या भिंतीवर, कपाटामागे आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर हात फिरवा. ताजा रंग एकाच कोपऱ्यात दिसला तर तिथे ओल आहे. पावसाळा संपून घर बघत असाल तर ओल लपवणं अवघड असतं. मार्च-एप्रिलमध्ये सगळी घरं कोरडी दिसतात.

नदीजवळचं घर असेल तर पुराचं विचारा. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढलं यावर नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात, पण तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं ते तिथला दुकानदार सांगेल. २००८ आणि २०१६ च्या पुराबद्दल थेट विचारा. भिंतीवर खुणा दाखवणारे लोक भेटतात. नासर्डीच्या काठावरच्या तळमजल्यांनाही हाच नियम लावा. जुन्या नाशकात किंवा पंचवटीत वाड्यातली खोली स्वस्त मिळत असेल, तर त्या वाड्याला महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागली आहे का, हे बघितल्याशिवाय पुढचं बोलूच नका. पावसाळ्याच्या तोंडावर अशा नोटिसा दरवर्षी निघतात.

एकटे राहणारे, विद्यार्थी, मांसाहारी, कुत्रा पाळणारे यांनी सोसायटीचा सूर सेक्रेटरीकडूनच ऐकून घ्यावा. एजंट ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणतो, कारण त्याला तिथे राहायचं नसतं.

मालक खरा आहे का

घर आवडलं की इथून घाई सुरू होते. ‘दादा, सकाळपासून तीन पार्ट्या येऊन गेल्या, आज टोकन टाका नाहीतर घर जाईल.’ हे वाक्य प्रत्येक घरासाठी वापरलं जातं. कधीतरी ते खरंही असतं. तरी मालकाशी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर बोलणं आणि पुढचे कागद बघणं, याला एक दिवस पुरतो.

मालकाचं आधार कार्ड, खरेदीखताची इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा, त्यात मालकाचं नाव असतं) किंवा महापालिकेची घरपट्टीची पावती, आणि लाइट बिल. तिन्हींवरचं नाव आणि फ्लॅट क्रमांक जुळला पाहिजे. लाइट बिल अजून बिल्डरच्या नावावर असणं नाशिकात सर्रास आढळतं. तेवढ्यावरून घाबरू नका, पण मग इंडेक्स टू बघितल्याशिवाय राहू नका. घर आई-वडिलांच्या नावावर आणि व्यवहार मुलगा करतोय, तर करारावर सही ज्यांच्या नावावर घर आहे त्यांचीच हवी, किंवा मुलाकडे मुखत्यारपत्र हवं. वडील वारले आहेत आणि वारसांची नावं लागायची आहेत, असं कळलं तर सगळ्या वारसांची संमती मागा. भावा-भावांच्या वादात डिपॉझिट अडकलं की ते सोडवणं कठीण जातं.

मालक परदेशात राहत असेल तर आणखी एक गोष्ट. अनिवासी भारतीयाला भाडं देताना टीडीएस (भाड्यातूनच वळता होणारा आयकर) कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, भाडं कितीही कमी असलं तरी. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या बाजूला असे फ्लॅट बरेच आहेत. करार करण्याआधी सीएला एक फोन करा.

फसवणुकीचे दोन प्रकार इथे सांगायलाच हवेत. पहिला ऑनलाइन जाहिरातीचा. फोटो सुंदर, भाडं बाजारापेक्षा कमी, आणि ‘मालक’ सांगतो की मी सैन्यात आहे, बदली झाली, घर दाखवायला येऊ शकत नाही, टोकन पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. देवळाली कॅम्प जवळ असल्याने नाशिककरांना ही गोष्ट पटकन खरी वाटते. कधी तो म्हणतो, ‘मी तुम्हाला एक रुपया पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा.’ पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. असं घडलंच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

दुसरा प्रकार ‘हेवी डिपॉझिट’चा. भाडं नाममात्र किंवा शून्य, डिपॉझिट चार-पाच लाख. मधला माणूस मालकाकडून घर दरमहा भाड्याने घेतो, तुमच्याकडून मोठं डिपॉझिट घेऊन तुम्हाला आत बसवतो, काही महिने मालकाला भाडं पोचवतो आणि एक दिवस फोन बंद. मालक म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही. मालकाच्या बँक खात्यात डिपॉझिट गेलं असतं तर ही वेळच आली नसती.

टोकन

टोकन म्हणजे घर थांबवून ठेवण्यासाठी दिलेली छोटी रक्कम. हजार ते पाच हजार पुष्कळ झाले. अर्धं डिपॉझिट ‘टोकन’ म्हणून देऊ नका. टोकन मालकाच्या खात्यात ऑनलाइन द्या आणि मालकाला मेसेज करा: घराचा पत्ता, ठरलेलं भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स कोणाकडे, ताबा कुठल्या तारखेला, टोकन डिपॉझिटमध्ये वळतं होणार, मालकाने घर दुसऱ्याला दिलं तर पूर्ण परत. तुम्हीच माघार घेतली तर काय, हेही त्यातच लिहा. अशा वेळी टोकन बुडतं हा रिवाज आहे, पण आधी बोलून ठेवलं तर निम्मं तरी परत मिळतं.

नोकरदारांनी टोकन देण्याआधी मालकाला पॅनबद्दल विचारावं. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल, तर कंपनी मालकाचा पॅन मागते. १२ हजार भाडं म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. ‘पॅन देणार नाही, भाडं रोख द्या’ म्हणणारे काका मार्चमध्ये भेटण्यापेक्षा आत्ता भेटलेले बरे.

डिपॉझिट

दर काही महिन्यांनी ‘आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही’ असा मेसेज फिरतो. त्याचं मूळ केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. त्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा चालतो आणि त्यात डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. म्हणजे एजंटसमोर तो मेसेज नाचवून उपयोग नाही, जे काही आहे ते बोलून ठरवायचं. डिपॉझिट जास्त द्यायची तुमची तयारी असेल तर बदल्यात भाडं कमी मागा. मालकाला गरज असेल तर तो तयार होतो.

डिपॉझिट थेट मालकाच्या खात्यात, करारावर सह्या होण्याच्या दिवशी. एजंटच्या खात्यात एक रुपयाही नाही. ‘मी मालकांना रोख पोचवतो’ हे तर मुळीच नाही. व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख करारात लिहून घ्या, म्हणजे पावती वेगळी सांभाळायला नको. रोखच द्यावं लागलं तर सहीची पावती घ्या. पाच हजारांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो.

खरी मेख परताव्याच्या अटीत असते. तयार नमुन्यात ‘घर सुस्थितीत परत दिल्यावर डिपॉझिट बिनव्याजी परत करण्यात येईल’ एवढंच असतं. सुस्थिती म्हणजे काय, हे कोण ठरवणार? रंगाचं उदाहरण घ्या. दोन वर्षं राहिलं की भिंती मळतातच. तो वापराचा भाग आहे, नुकसान नाही. पण घर सोडताना १५-२० हजार ‘पेंटिंग चार्ज’ कापणारे मालक भरपूर आहेत. काही एजंट तर ‘एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापलं जाईल’ असं कलमच टाकून ठेवतात आणि सही करताना वाचून दाखवत नाहीत. तुम्ही राहायला जाताना घर नव्याने रंगवून मिळत असेल तर ठरावीक रक्कम मान्य करता येईल. जुन्याच रंगात घर घेत असाल तर ते कलम खोडायला सांगा.

त्याऐवजी असं लिहून घ्या: रोजच्या वापराने होणारी झीज वगळता, भाडेकरूमुळे झालेल्या नुकसानीचा खर्च बिल दाखवून कापला जाईल, उरलेलं डिपॉझिट किल्ली देतानाच परत दिलं जाईल. लाइट बिलासाठी थोडी रक्कम पंधरा दिवस मागे ठेवायला हरकत नाही.

करार आणि नोंदणी

‘अकरा महिन्यांचाच आहे, नोटरीवर भागवू’ हे नाशिकात रोज ऐकू येतं आणि ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकावर आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. हे ऐकल्यावर आढेवेढे घेणारे मालकही तयार होतात.

नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते. आधारला जोडून दोघांचे अंगठे आणि फोटो घेतले जातात. अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो.

खर्च किती? मुद्रांक शुल्क म्हणजे संपूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं १,३२,०००, डिपॉझिट ३६,००० वर अकरा महिन्यांचं व्याज ३,३००. बेरीज १,३५,३००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ३३८ रुपये. वरच्या आकड्यात गोळाबेरीज होईल इतकंच. नोंदणी फी शहरी हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. हाताळणी शुल्क वेगळं, तेही काहीशे रुपयांतलं. बाकी जे काही एजंट मागतो ते त्याचं किंवा करार करून देणाऱ्याचं मानधन. पाच हजार सांगितले तर फोड मागा. खर्च मालक-भाडेकरूंत निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे, पण ते आधी ठरवा.

मसुदा आदल्या दिवशी मोबाइलवर मागवा आणि शांतपणे वाचा. अंगठा लावायच्या वेळी तो माणूस घाईत असतो. लॉक-इन किती, म्हणजे ठरावीक महिन्यांआधी घर सोडलं तर काय? लॉक-इन दोघांना लागू आहे की फक्त तुम्हाला? नोटीस एक महिन्याची दोन्ही बाजूंनी आहे का? पुढच्या करारात वाढ किती टक्के? मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे का? गिझर बिघडला, मोटार जळली, नळ गळू लागला, तर खर्च कोणाचा? घर भाड्याने दिल्याबद्दल सहकारी सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते. २००१ च्या शासन आदेशानुसार तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. तो मालकाचा खर्च आहे, मसुद्यात तुमच्या गळ्यात घातलेला नाही ना, ते बघा.

मुदतीबद्दल सध्या नाशिकात वेगळा विचार करावा लागतो. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. सप्टेंबर २०२६ च्या सुरुवातीला केलेला अकरा महिन्यांचा करार बरोबर जुलै २०२७ अखेरीस संपतो. रामकुंड, पंचवटी, तपोवनाच्या बाजूला घर असलेल्या मालकाला त्या दिवसांत खोल्या दिवसाच्या भावाने देण्याचा मोह होणारच. मुलांची शाळा तिथेच असेल तर दोन वर्षांचा करार मागा. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो. २४ महिन्यांच्या कराराला आपल्याच उदाहरणात मुद्रांक शुल्क सुमारे ७३८ रुपये होतं. म्हणजे चारशे रुपये जास्त देऊन कुंभातली धावपळ टळते. अर्थात लॉक-इन मालकालाही लागू असेल तरच.

मुदत संपल्यावर करार न वाढवता तसंच राहू नका. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागू शकतो.

पोलिसांकडे माहिती

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी, असे आदेश पोलीस आयुक्तालय काढत असतं. मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ही माहिती ऑनलाइन आणि मोफत भरता येते. ‘पोलीस व्हेरिफिकेशनचे हजार रुपये’ मागितले तर ते अर्ज भरून देण्याचे आहेत, पोलिसांचे नाहीत. स्वतः भरा आणि पोचपावती मालकाला पाठवा.

किल्ली घेताना आणि देताना

सामान टाकण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. नुसत्या खोल्या फिरवू नका. बेसिनखालचा भाग, टाइल्सचे तडे, खिडकीच्या जाळ्या, दारांच्या कड्या जवळून घ्या. मीटरचं रीडिंग तारखेसह टिपा. पंखे, दिवे, गिझर, किल्ल्यांच्या जोड्या यांची यादी मालकाला त्याच दिवशी पाठवा. घरात गॅसची पाइपलाइन असेल तर त्या मीटरचंही रीडिंग घ्या. हे झालं की मगच एजंटची दलाली द्या आणि पावती मागा.

घर सोडताना नोटीस व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल दोन्हींवर द्या. ‘शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा’ हा तोडगा पुष्कळ जण काढतात. मालकाने लेखी होकार दिला तर उत्तम. एकतर्फी केलं तर थकबाकीदार तुम्हीच ठरता. शेवटच्या दिवशी मालकाला बोलावून तोच व्हिडिओ समोर ठेवून घर दाखवा आणि हिशेब तिथेच करा.

डिपॉझिट अडलंच, तर आधी रकमेचा हिशेब मागणारं साधं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, मग वकिलाची नोटीस. पुष्कळ प्रकरणं नोटिशीवरच मिटतात. नाही मिटलं तर सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तडजोडीसाठी अर्ज करा. तिथेही जमलं नाही तर दिवाणी दावा.

एजंटने घर न देता दलाली ठेवून घेतली असेल तर तो सेवेतल्या त्रुटीचा मुद्दा होतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगाकडे तक्रारीची फी लागत नाही. अर्जासोबत दलाली ठरल्याचा तो पहिला मेसेज, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आणि एजंटला पाठवलेल्या पत्राची पोस्टाची पावती जोडा.